अकरावा नंबर

"मॅडम, आजचा चहा तुमच्याकडून," दशांश म्हणाला आणि त्यानं एक कागद माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला. आमच्या आकडेवारी शाखेत त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण कोणताही आकडा पूर्ण करून सांगितला की त्याला तो खोटा वाटतो. कागदावर शहरातल्या अकराही शालेय विभागांची कॉलेज प्रवेश परीक्षेतली सरासरी होती, सगळ्यात जास्त वर, सगळ्यात कमी खाली. मी सवयीनं नजर तळाशी नेली. इतकी वर्षं हा कागद मी खालूनच वाचत आलेय. खालची ओळ बघायची, ती जागच्या जागी आहे हे बघून हलकं वाटायचं आणि मग उरलेला कागद कामाचा म्हणून वाचायचा. या वेळी तळाशी कालव्यापलीकडचा विभाग नव्हता, जुन्या स्टेशनमागचा होता. माझी नजर जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं धरून पाय टाकावा तशी आपटली. "वर बघा, वर," दशांश म्हणाला, "सहावा. बरोबर मध्यभागी. एकशे बारावरून एकशे एकतीस पूर्णांक दोन. अख्ख्या शहरात एवढी उडी कोणाची नाही. मोठ्या बाई असत्या तर," आणि तिथे तो थांबला, कारण आपण काय बोलतोय ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं उगाच खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवलं. मी म्हणाले, "चहा सांगते." माझा आवाज नेहमीसारखाच आला. आवाजाचं मला नवल वाटतं. आई गेल्यापासून तो एकदाही फाटला नाही.

कालव्यापलीकडच्या विभागात एकच शाळा उरली आहे, त्यामुळे त्या विभागाची सरासरी म्हणजे त्या शाळेची सरासरी, आणि ती शाळा म्हणजे माझी आई. मुलं तिला मोठ्या बाई म्हणायची, मुलांचे आईबाप मोठ्या बाई म्हणायचे, आणि पुढे पुढे घरी बाबाही म्हणायला लागले, "मोठ्या बाई, आज जेवायचं आहे की अजून कोणाच्या घरी जायचं आहे?" मी या कार्यालयात नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी हा कागद बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटचा नंबर, आणि तोही असा की दहाव्यात आणि अकराव्यात एक खड्डाच होता. आकडे जाहीर झाल्यावर संध्याकाळी घरी गेले तर आई दारातच उभी. "कितवा?" मी चपला काढत पुटपुटले, "अकरावा." "अकरापैकी?" "अकरापैकीच." "वा!" ती म्हणाली आणि तिनं खरोखर टाळी वाजवली, "म्हणजे सगळे बसले." बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, घरी आल्यावरही ते प्रत्येक वस्तू उजेडासमोर धरून बघत. त्या वेळी ते पाण्याचा पेला उजेडासमोर धरून बसले होते. ते म्हणाले, "अभिनंदन. बारा विभाग असते तर तुम्ही बारावा नंबरही काढला असता." आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तेव्हापासून दर वर्षी हेच संवाद, याच क्रमानं. कितवा, अकरावा, अकरापैकी, अकरापैकीच, वा. मधल्या काळात बाबांच्या विनोदातले विभाग वाढत वाढत वीसवर गेले होते.

सरासरी वर न्यायला दोन रस्ते असतात, आई म्हणायची. एक शिकवायचं. तो लांबचा, आणि त्यात गुडघे दुखतात. दुसरा जवळचा आहे: कच्च्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, बाळा, तू यंदा राहू दे. हे मला संख्याशास्त्राच्या पदवीनंतर शिकायची गरज नव्हती. भागाकारात वरचा आकडा किती आणि खालचा किती, एवढाच तर प्रश्न. पण पुस्तकात ते वाचणं वेगळं आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी आई कालव्यापलीकडच्या चाळींतून एकेका दारात उभी राहते ते बघणं वेगळं. ऐन वेळी धीर सुटलेली मुलं पांघरूण डोक्यावर ओढून पडायची. पोटात दुखतंय, म्हणायची. आई थेट आत जायची, पांघरूण वरून नाही, खालून उचलायची आणि पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबायची. मलाही ती तसंच उठवायची. हाक नाही, हलवणं नाही. झोपेच्या एकदम तळाशी, जिथे आपलं नावही पोचत नाही, तिथे पायाच्या टोकाला कोणीतरी धरलेलं असायचं. "उठ. सगळे तुझ्यासाठी थांबलेत," एवढंच म्हणायची. कोणी थांबलेलं नसायचं. पण उठल्यावर तसं वाटायचं खरं. आणि निकालाच्या दिवशी रात्री जेवताना ती नावं सांगायची. मार्क नाहीत, नावं. हा बसला, ती बसली, तो अर्ध्या तासात बाहेर आला पण बसला. मी ताटावर बसून मनात आकडे लावायचे, की या मुलामुळे किती खाली आलो, त्या मुलीमुळे किती. आणि आई नावं सांगत राहायची, जशी काही ती सगळी आमच्याकडे जेवायलाच यायची होती.

साहेबांना एक वाक्य हवं होतं. आमच्या अहवालात तक्त्याखाली एक परिच्छेद असतो, आकड्यांचा अर्थ सांगणारा, आणि तो मी लिहिते. लोक तक्ता बघतात आणि परिच्छेद वाचतात. वर्तमानपत्रात परिच्छेदच छापून येतो. साहेबांनी सुरुवात करून दिली होती: कालव्यापलीकडच्या विभागानं उल्लेखनीय प्रगती केली असून इतर विभागांनी. पुढे मी भरायचं होतं. इतर विभागांनी त्यांचं अनुकरण करावं, असंच ते वाक्य संपणार होतं, दुसरीकडे जायला त्याला जागाच नव्हती. मी म्हणाले, "साहेब, पटावर गेल्या वर्षीइतकीच, दोनशे बारा मुलं आहेत. गेल्या वर्षी सगळी बसली होती. यंदा एकशे चाळीस." ते म्हणाले, "थोडं कमी-जास्त दर वर्षी होतंच." "हे थोडं नाही." त्यांनी चष्मा काढला. साहेब चांगले आहेत. आई रुग्णालयात होती तेव्हा त्यांनी माझी रजा न विचारता मंजूर केली होती, आणि ती गेली तेव्हा ते घरी येऊन बाबांच्या शेजारी नुसते बसून राहिले होते, काही न बोलता, हे फार थोड्यांना जमतं. "मॅडम," ते म्हणाले, "बाईंच्या नंतर त्यांची शाळा पहिल्यांदा वर आली. तुम्हाला काय होत असेल ते मला समजतं. पण हा अहवाल आहे. श्रद्धांजली नाही." मग खालच्या आवाजात, "उद्या दुपारी छापायला जातोय. तुम्ही नाही लिहिलं तरी चालेल. मी लिहीन."

ते बरोबर बोलले असतील, ही गोष्ट मला जागेवर येऊन बसल्यावर जास्त टोचायला लागली. दुःखात माणसाला सगळीकडे आपलंच माणूस दिसतं. मला बसच्या खिडकीत दिसते, भाजीच्या दुकानात पाठमोरी दिसते. मग तक्त्यात का नाही दिसणार? एकशे बारा आणि एकशे एकतीस यांच्यामध्ये मला जे दिसतंय ते तिथे आहे, की मी तिथे ठेवलंय? मी गेल्या वर्षीचे, आईच्या शेवटच्या वर्षीचे, मार्क काढले. दोनशे बारा मुलं, जास्तीकडून कमीकडे. तळाची बहात्तर काढून टाकली आणि उरलेल्यांची सरासरी काढली. एकशे एकतीस आली. दशांशला बोलावून म्हटलं, तू कर. त्यानं केली आणि म्हणाला, "एकशे एकतीस पूर्णांक शून्य तीन. यंदाच्यात आणि यात दोन दशांशांचाही फरक नाही, मॅडम." म्हणजे कोणी काही जास्त शिकलं नव्हतं. कोणी काही कमीही शिकलं नव्हतं. नुसती खालची माणसं उचलून नेली होती आणि आकडा आपोआप, ओझं काढलेल्या तराजूसारखा, वर आला होता. "पण जुळतंय म्हणून तेच झालं असेल असं नाही," तो हळूच म्हणाला, आणि मला त्याचा राग आला नाही, कारण मी स्वतःला तेच सांगत होते. हवं असलेलं उत्तर आलं की गणित पुन्हा तपासावं, हे मला आईनंच शिकवलंय. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाले.

कालव्यावरचा पूल पायी ओलांडताना माझ्या डोक्यात घर होतं. खरं म्हणजे घरातले आकडे होते. आई गेल्यापासून आमच्या घरात मोजता येईल ते सगळं सुधारलं आहे. विजेचा खर्च कमी झालाय, कारण पहाटे उठून पेपर तपासणारं कोणी नाही. बाबांचा रक्तदाब उतरलाय. डॉक्टर म्हणाले, छान, काय करता? जेवणं वेळेवर होतात, कोणाची वाट बघावी लागत नाही. खुर्च्यांवर आता माणसंच बसतात. पूर्वी गठ्ठे असायचे, आणि पाहुणे आले की आई गठ्ठे उचलून पलंगावर ठेवायची आणि रात्री पलंगावरचे गठ्ठे उचलून परत खुर्च्यांवर. दारावर अवेळी थाप पडत नाही. शेजारच्या काकू मला परवा जिन्यात म्हणाल्या, "घर किती नीटनेटकं ठेवलंयस गं," आणि मी हो म्हणाले. आमच्या तिघांच्या घराचा कोणी तक्ता काढला असता तर आम्ही यंदा कितीतरी वर गेलो असतो. साहेबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, उल्लेखनीय. पुलाखाली पाणी थांबल्यासारखं दिसत होतं. कठड्याला धरून मी जरा उभी राहिले. लोखंड उन्हानं तापलेलं होतं आणि हाताला तो चटका बरा वाटला, कारण तो कशाचा आहे हे नक्की सांगता येत होतं.

शाळेच्या फाटकासमोर वह्या-पेन आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. आत यंत्रामागे उभी असलेली बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठ्या बाईंच्या तुम्ही?" मी थांबले. "चालण्यावरून ओळखलं. त्याही अशाच, रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखं चालायच्या." आणि मग एकदम गंभीर होऊन, "बाई गेल्या तेव्हा मी आले होते तुमच्याकडे. गर्दीत तुम्हाला दिसले नसेन." तिनं मला स्टूल दिलं. तिनं सांगितलं की ती आईची विद्यार्थिनी, प्रवेश परीक्षेला बसली होती. "दोनशेपैकी एकोणपन्नास," ती म्हणाली आणि हसली, "बाईंचा नंबर खाली ओढण्यात आमचाही हातभार." मी विचारलं, वाईट नाही वाटलं? प्रश्न माझ्या तोंडून गेला आणि तो मीच विचारतेय की माझ्यातली ती परिच्छेद लिहिणारी, मला कळेना. तिनं यंत्राचं झाकण उचललं, कागद उलटा ठेवला, झाकण लावलं. हिरवा उजेड तिच्या हनुवटीवरून सरकत गेला. "वाटलं ना. आठ दिवस कोणाशी बोलले नाही. मग बाई घरी आल्या. काही बोलल्या नाहीत हो, चहा प्यायल्या, माझ्या भावाला ओरडल्या आणि गेल्या." ती पुढे म्हणाली, "पण एक सांगू का? त्या हॉलमध्ये तीन तास मला कोणी हाक मारली नाही. आमच्या घरात सात माणसं. आता इथे दुकान. दिवसभर कोणी ना कोणी हाक मारतंच, पाणी दे, हे कर, ते आण. ते तीन तास मी एका बाकावर बसले, पुढ्यात माझा कागद, वर पंखा, आणि बाहेर कोणीतरी पहारा देतंय की हिला कोणी त्रास देऊ नका म्हणून. निम्मे प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. खिडकीतून झाड दिसत होतं." गिऱ्हाईक आलं. ती म्हणाली, "दोन्ही बाजूंनी काढायचंय का?" आणि कामाला लागली. मी उठले तेव्हा ती मागून म्हणाली, "माझी धाकटी बहीण होती यंदा. नाही बसली. सर म्हणाले, नको."

सर म्हणजे आईच्या हाताखालचे उपमुख्याध्यापक, आता मुख्याध्यापक. आईची खोली त्यांनी बदलली होती, आणि ती आधीपेक्षा चांगली झाली होती. टेबल खिडकीजवळ नेलं होतं, कपाटं बंद होत होती. आईच्या वेळी तिथे बसायला जागा शोधावी लागायची. मला बघून ते उभे राहिले आणि उभेच राहिले. मी सांगितलं, "सर, शाळा सहावी आली." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं मी धरून चालले होते आणि त्याचा राग करायची तयारी करून आले होते. ते म्हणाले, "अरेरे." मग खुर्चीत बसले. "एवढी वर?"

"बहात्तर मुलं कमी बसली, सर."

"मला माहीत आहे. मीच नोंदणी केली नाही त्यांची." ते टेबलावरचा धूळ नसलेला भाग हातानं पुसत राहिले. "बाईंना मी शब्द दिला होता. रुग्णालयात. तुम्ही होतात तिथे."

मी होते. आईला तेव्हा गुंगीचं औषध चालू होतं, पण नोंदणीची तारीख तिच्या डोक्यातून गेली नव्हती. सगळ्यांना बसव, ती सरांना म्हणाली, आणि सरांनी मान हलवली. ते गेल्यावर ती मला म्हणाली होती, नोंदणीच्या दिवशी सकाळी मला उठव हं, काहीही झालं तरी उठव, मला दोन-चार फोन करायचेत.

"मग?" मी सरांना विचारलं.

"बाईंचं तुम्ही अर्धंच बघितलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. "परीक्षेच्या दिवशी उठवून आणणं, ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या गोष्टी सांगतात लोक. निकालानंतरचं कोणाला माहीत आहे? गेल्या वर्षी एका मुलाला एकतीस मार्क पडले. त्यानं दाराला आतून कडी घातली. बाई तेव्हा तपासण्यांसाठी रुग्णालयात, म्हणून मी गेलो. संध्याकाळपर्यंत त्या दाराबाहेर बसलो मी. काय बोलायचं ते मला सुचेना. त्याची आई माझ्याकडे बघत होती. शेवटी त्यानं उघडलं, भूक लागली म्हणून उघडलं, माझ्यामुळे नाही." त्यांनी टेबलावरचा हात मागे घेतला. "बाई महिनाभर रोज दोन-तीन घरी जायच्या. खालच्या मार्कांपासून सुरुवात करून वर. चहा प्यायच्या, कोणाला तरी ओरडायच्या, निघायच्या. एवढ्यानं ती मुलं परत शाळेच्या वाटेला यायची. मला नाही जमत ते. मी गेलो की घरातले घाबरतात. मग मी ठरवलं, ज्यांच्या घरी नंतर जायला मला जमणार नाही, त्यांना मी बसवणार नाही." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "सरासरीचं माझ्या डोक्यातही नव्हतं. खरंच नव्हतं."

मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता आणि तो बसला. मी त्यांच्याशी भांडायला आले होते, आणि ते बिचारे एका माणसाच्या पायांची बेरीज करून दाखवत होते. दोन पाय थांबले, बहात्तर मुलं बसली नाहीत, एकोणीस गुण वाढले. यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "अहवालात तुमचं कौतुक छापून येईल." ते म्हणाले, "नको हो. तेवढं थांबवा. दुसरे सगळे हेच करायला लागतील," आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हे थांबवणं माझ्याच हातात आहे. तेवढ्यात घंटा झाली. मुलं खोलीसमोरून धावत गेली आणि दाराच्या काचेवर त्यांच्या सावल्या एकात एक मिसळत गेल्या. त्यातली बसलेली कोण आणि न बसलेली कोण, मला ओळखता आलं नाही. आईनं ओळखलं असतं.

नोंदणीच्या दिवशी सकाळी मी आईला उठवायला गेले होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. खिडकीचा पडदा सारला. परिचारिका नुकतीच येऊन गेली होती. आईचा श्वास चालू होता, जरा मोठा. मी हाक मारली नाही. पायाकडून चादर उचलली, तिचा अंगठा चिमटीत धरला आणि दाबला. तो कोमट होता. आयुष्यभर चालून चालून तळवा बाजूनं भेगाळलेला, त्या भेगांत कधी न निघणारी करडी धूळ, आणि नख मात्र नीट कापलेलं, ते आदल्या दिवशी मीच कापलं होतं. उठ, मी म्हणाले, सगळे तुझ्यासाठी थांबलेत. या वेळी ते खरं होतं. मी पुन्हा दाबला, जरा जोरात, मग आणखी जोरात, आणि मग मला भीती वाटली की दुखेल, आणि मग वाटलं, दुखलं तर बरं. ती त्या दिवशी उठली नाही. संध्याकाळी गेली. नोंदणीची मुदतही त्याच संध्याकाळी संपली असणार. तेव्हा ते मनात आलं नाही, आत्ता पुलावरून परत येताना आलं. पूल तोच होता, पाणी तिथेच थांबलेलं होतं, आणि मी कठड्याला हात न लावता ओलांडून आले.

घरी आले तेव्हा अजून ऊन होतं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, झोपलेले. मांडीवर चष्मा, हातात तो पुसायचं फडकं. घर नीटनेटकं होतं. एक खुर्ची रिकामी, दुसरी रिकामी, पलंग रिकामा. मी पिशवी खाली ठेवली आणि बघत राहिले. बाबा झोपेत लहान दिसतात. वाक्य अजून लिहिलेलं नव्हतं. दुपारभर ते डोक्यात लिहून खोडत होते, आणि प्रत्येक वेळी त्यात एक तर आई जास्त व्हायची किंवा सर गुन्हेगार व्हायचे. मी स्टुलाशी जमिनीवर बसले. कसं झालं माहीत नाही, माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी बाबांच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबला.

"उठलो, उठलो," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "किती घाई ती, मोठ्या बाई." मग त्यांनी डोळे उघडले आणि मला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरलं आणि त्यांनी ते फडक्यानं चष्मा पुसण्यात लपवलं. बराच वेळ पुसला. उजेडासमोर धरून बघितला. कार्यालयातून लवकर कशी आलीस, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना दिवस माहीत होता. इतकी वर्षं त्या दिवशी घरात काय चालतं ते त्यांना माहीत होतं. चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "आले का आकडे?"

"आले."

"कितवा?"

घशात अकरावा हा शब्द तयार होता. वर्षानुवर्षं तोच तिथे बसलेला आहे, त्याला उठवून दुसऱ्याला बसवणं कठीण गेलं. मी तो म्हणालेही असते, आणि बाबा म्हणाले असते अकरापैकी, आणि आम्ही दोघांनी मिळून ते सगळं शेवटपर्यंत नेलं असतं.

"सहावा," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अभिनंदन म्हणाले नाहीत. त्यांना आकडेवारीतलं काही कळत नाही, सरासरी कशी काढतात तेही त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी फक्त इतकी वर्षं आईसमोर बसून जेवण केलं आहे. खिडकीबाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली, लांब गेली. बाबांनी पाय स्टुलावरून खाली घेतले, सरळ बसले आणि जेवताना विचारायचे तशा आवाजात विचारलं,

"मग कोण कोण राहिलं?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे बहात्तर हा आकडा होता, एकशे एकतीस होता, शून्य तीन होता. झेरॉक्सच्या दुकानातली बाई आठवली, हनुवटीवरून सरकणारा उजेड आठवला, आणि तिच्या धाकट्या बहिणीचं नाव मी विचारलं नव्हतं. दाराला कडी घालून बसलेल्या मुलाचं नाव मी विचारलं नव्हतं. बाबा थांबले होते. घरातल्या रिकाम्या खुर्च्याही थांबल्यासारख्या होत्या. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज फाटला, एवढ्याशा वाक्यात दोन ठिकाणी फाटला.

"नावं नाहीत माझ्याकडे, बाबा."

खाली वाकून त्यांनी माझ्या पायातली चप्पल बघितली. मी घरात चपलेसकट आले होते, पुलापलीकडची करडी धूळ फरशीवर उमटली होती. त्यांनी ती बराच वेळ बघितली. पुसू नकोस, म्हणाले.

मग मी कागद घेतला आणि परिच्छेद लिहिला. एकच वाक्य झालं. कालव्यापलीकडच्या विभागाची सरासरी वाढली आहे, कारण त्या विभागातली बहात्तर मुलं या वर्षी परीक्षेला बसलेली नाहीत. साहेब ते ठेवतील की काढतील, मला सांगता येणार नाही. बाबांनी ते उजेडासमोर धरून वाचलं, चष्मा वर करून, मग खाली करून, आणि परत दिलं. "बरोबर आहे," म्हणाले, "पण ही मुलं कोण?"

"उद्या सकाळी जाऊन विचारून येते," मी म्हणाले.

"खालच्या मार्कांपासून सुरुवात कर," बाबा म्हणाले. "ती तसंच करायची."